योग्य वेळी म्हणजे केव्हा?

गेल्या आठवड्यात चंदगडचा बाजार करून एक आबा आमच्या घरी आले. पिशवीत भाजी, भाजीखाली सातबारा. त्यांची म्हातारी पुण्यात नातवाला सांभाळते, आबा इकडे एकटे काजूची बाग राखतात. मुलगा महिन्याला पैसे धाडतो, काजूच्या हंगामात रजा काढून येतो. अशी घरे आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत. कोण कुणाला पोसतो याचा हिशेब मांडायला आमची बी.कॉम.ची पदवीही पुरणार नाही!

आबांना घर आणि स्वकष्टाची बाग मुलाला बक्षीसपत्राने द्यायची होती. आम्ही म्हटले, "आबा, आईबापाचा शेवटपर्यंत सांभाळ करावा या अटीवर देतो, एवढी एक ओळ घाला." आबा दुखावले. "पोराला काय वाटंल वो? बाप इस्वास ठेवत न्हाई म्हणंल."

वाचकहो, हा संकोच महागात पडतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. प्रांताधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करून पोटगी मागता येते. कलम २३ प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परतही मिळते. मात्र अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना कायदा उदारपणे वाचावा असे म्हटले खरे; पण मुलाने सांभाळाचे लिहून दिल्याचा कागद त्या माउलीपाशी होता. आणि मुलगी लग्न होऊन गेली म्हणजे सुटली असेही नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात १९८७ सालीच ते ठरले आहे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांसाठी विनय सांगितला आहे. ज्यांनी आपल्याला पोसले त्यांना आपण पोसावे, हे मुलांचे कर्तव्य; आणि योग्य वेळी वारसा हाती द्यावा, हे आईबापांचे. वेळ योग्य हवी, हे आपण वाचतो आणि विसरतो. हातपाय चालतात तोवरच सगळे लिहून देऊन मोकळे होणारे आम्ही बरेच पाहिले.

आबांना हे सारे सांगितले. ते गप्प बसले, मग आमच्यासमोरच त्यांनी मुलाला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "लिवा की आबा, त्यात काय! पन आदी आईचं नाव लावा सातबाऱ्याला, मग माझं बघू."

आबा आमच्याकडे पाहू लागले. हे आम्हालाही सुचले नव्हते.