शाई आहे, पण अक्षर उमटत नाही!

आपल्या घरात एक छापखाना असेल, असे आमच्या वडिलांच्या पिढीला स्वप्नातही वाटले नसेल. आज मुलांचे शाळेचे प्रकल्प, रेल्वेचे तिकीट, आधार कार्डाची प्रत अशा शंभर निमित्तांनी प्रिंटर घरात येतो आणि टेबलाच्या कोपऱ्यावर रुमाल पांघरून बसतो. पंधरा-पंधरा दिवस त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आणि ज्या दिवशी त्याच्यावाचून अडते, नेमक्या त्याच दिवशी तो कागदावर पांढऱ्या रेघा ओढून दाखवतो!

या सदरात वर्षभर आपण मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप या घरच्या मंडळींची दुखणी पाहिली. दिवाळी अंकात यंदा प्रिंटरचे दुखणे घेतो. आणि ते आमच्याच घरचे घेतो, कारण त्यात चूक कोणाची होती हे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमची आई गेली त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिच्या मागे दागिने फारसे नव्हते, आणि जे होते त्यांची वाटणी एका शब्दानेही न बोलता झाली. वाद झाला तो एका वहीवरून. चाळीस पानांची, पुठ्ठा सुटलेली ही वही म्हणजे आईच्या पाककृतींची वही. तिन्ही बहिणींना ती हवी होती. थोरली अक्का म्हणे, मी मोठी. धाकटी म्हणे, शेवटपर्यंत आईजवळ मी होते. मधली काही म्हणेना, पण तिचा फोन येईनासा झाला, आणि ते अधिक जड गेले.

शेवटी आम्ही तोड काढली. वही स्कॅन करायची, तिच्या तीन रंगीत प्रती छापायच्या, छान बांधायच्या आणि भाऊबीजेला प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवायची. पैठणीपेक्षा ही ओवाळणी त्यांना प्रिय होईल याबद्दल शंका नव्हती.

वसुबारसेच्या रात्री छपाईला बसलो. पहिले पान बाहेर आले ते चकलीचे. सौभाग्यवतींनी ते उचलले, मूळ वहीशेजारी धरले आणि म्हणाल्या, "अहो, यात आईंचे लाल कुठे आहे?"

खरेच नव्हते. आई कृती निळ्या शाईने लिही, आणि पुढे अनुभवाने जी दुरुस्ती सुचे ती लाल शाईने करी. मूळ पानावर निळ्या अक्षरात होते : 'पीठ चार वाट्या, मोहन अर्धी वाटी.' त्यातली 'अर्धी' लाल रेघेने खोडून शेजारी लिहिले होते : 'पाव वाटीच. तेलात फुटतात.' छापील पानावर निळे अक्षर आकाशी झाले होते आणि लाल दुरुस्ती पार नाहीशी झाली होती. ही प्रत तशीच दिली असती, तर तिन्ही घरांतल्या चकल्या आईच्या नावाने तेलात फुटल्या असत्या!

आम्ही तत्काळ निदान केले : कार्ट्रिज संपले. सकाळी उठून नवे कार्ट्रिज आणले. पैसे मोजले. बसवले. छापले. लाल नाहीच! मग आम्ही दुकानदाराला दोष दिला, त्यानंतर चिरंजीवांना दिला. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, कार्ट्रिज बदलण्याआधी नॉझल चेक काढून पाहिलं होतं का?"

पाहिले नव्हते. वाचकहो, सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे.

आधी नाडी पाहावी

प्रिंटरच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर 'मेंटेनन्स' म्हणून एक भाग असतो. त्यात 'नॉझल चेक' नावाची आज्ञा सापडते. ती दिली की एक कागद छापून येतो. त्यावर काळा, आकाशी, राणी आणि पिवळा या चार शायांच्या बारीक रेघांच्या जाळ्या असतात. जाळी अखंड असेल तर त्या रंगाची वाट मोकळी आहे. जाळी तुटलेली असेल, तर तेवढी छिद्रे बुजली आहेत. हा कागद न पाहता कार्ट्रिज विकत आणणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

घरच्या प्रिंटरात सगळे रंग या चार शायांतूनच होतात. लाल म्हणून वेगळी शाई नसते. राणी आणि पिवळा मिळून लाल होतो. आकाशी आणि राणी मिळून निळा होतो. आमच्या कागदावर राणी रंगाची जाळी जवळजवळ कोरी होती. म्हणून निळ्याचे आकाशी झाले आणि लालाचे पिवळे झाले. वहीचा कागद जुनाट, पिवळट; त्यावर पिवळे अक्षर दिसणार कसे? ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फोटोतले चेहरे हिरवट दिसले तर राणी अडला आहे असे समजावे. सगळ्यावर तांबूस छटा आली आणि हिरवी पाने पिवळी पडली तर आकाशी अडला. चित्र निळसर-जांभळे झाले तर पिवळा अडला.

दोन जातींची यंत्रे

मग नव्या कार्ट्रिजने गुण का आला नाही? कारण शाई उडवणारे अवयव, म्हणजे 'हेड', सगळ्या यंत्रांत एकाच जागी नसते.

एका जातीत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. त्यात शाई तापवून उडवतात. या युक्तीची हकिकत मोठी गमतीची आहे. 1977 साली जपानच्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधक काम करीत असता, तापलेली डाग देण्याची कांडी चुकून शाई भरलेल्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, असे सांगतात. उष्णतेने शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. अमेरिकेतही ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने याच तत्त्वावर 'थिंकजेट' हा प्रिंटर 1984 साली बाजारात आणला. या जातीचे कार्ट्रिज उलटे करून पाहिले तर तळाशी बारीक छिद्रांची पट्टी आणि बाजूला तांबूस-सोनेरी ठिपके दिसतात. येथे कार्ट्रिज बदलले की हेडही नवे होते आणि दुखणे सहसा जाते.

दुसऱ्या जातीत हेड यंत्रातच बसवलेले असते आणि कार्ट्रिज ही नुसती शाईची दौत असते. यांतल्या पुष्कळ यंत्रांत वीज दिली की किंचित वाकणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलतात. बाटलीतून शाई ओतायच्या टाकीच्या यंत्रांतही बहुतेक हेड आतच असते. आमचे यंत्र या जातीचे. दौत बदलून टाकाचे बुजलेले टोक कसे उघडणार? नव्या कार्ट्रिजचे पैसे अनाठायी गेले ते असे.

उपाय, क्रमाने

हेडमधून उडणारा एक थेंब काही पिकोलिटरांचा असतो. पाच पिकोलिटरांचा धरला तर एक मिलिलिटर शाईत असे 20 कोटी थेंब होतात. एवढा थेंब ज्या छिद्रातून जातो ते छिद्र किती सूक्ष्म असेल! त्यात शाईचा कण वाळला की वाट बंद.

पहिला उपाय मेंटेनन्समधलाच, 'हेड क्लीनिंग'. यंत्र स्वतःच जोराने शाई ओढून छिद्रे धुते. एकदा करावे आणि लगेच नॉझल चेक काढून पाहावे. फरक पडत असेल तर पुन्हा एकदा. फार तर तिसऱ्यांदा. त्यापुढे हट्ट करू नये. प्रत्येक धुण्यात शाई खर्च होते, आणि पुष्कळ यंत्रांत एक रंग अडला तरी सगळेच रंग धुतले जातात. ती वाया गेलेली शाई यंत्राच्या बुडाशी असलेल्या स्पंजात जिरते, आणि तो भरला की कारागीर बोलवावा लागतो. तीनदा करून गुण आला नाही तर यंत्र बंद करून रात्रभर राहू द्यावे. वाळलेली शाई आतल्या ओलीने मऊ होते आणि सकाळी एका धुण्यात निघते, असा पुष्कळदा अनुभव येतो.

हेड कार्ट्रिजला असेल तर आणखी एक उपाय आहे. कार्ट्रिज काढून, धागे न सुटणारे फडके कोमट स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि छिद्रांची पट्टी त्यावर काही क्षण टेकवावी. घासू नये, टाचणी तर मुळीच लावू नये. रंगीत कार्ट्रिजने फडक्यावर तीन रंगांचे पट्टे उमटवले म्हणजे वाट मोकळी झाली. सोनेरी ठिपक्यांना बोटे लावू नयेत. मळ असेल तर कोरड्या फडक्याने अलगद टिपावा. काढलेले कार्ट्रिज उघडे ठेवून चहाला जाऊ नये.

नवे कार्ट्रिज अजिबात छापीत नसेल, तर लाजू नका, आधी त्यावरची चिकटपट्टी काढली आहे का ते पाहा. 'शाई कमी' असा इशारा आला तर घाबरू नका. पुष्कळ यंत्रे शाई मोजत नाहीत, किती छापले यावरून अंदाज बांधतात. छपाई चांगली होत असेल तोवर चालू द्यावे. टाकीच्या यंत्रात मात्र शाई खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. नळीत हवा शिरली की वेगळीच कटकट सुरू होते.

नॉझल चेक निर्दोष, पण छपाई वाईट, असे असेल तर हेडला दोष देऊ नये. कागदाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, 'ड्राफ्ट' म्हणजे घाईची छपाई लावलेली असते, किंवा फोटोचा कागद उलटा घातलेला असतो. उभी रेघ मध्येच तुटून सरकलेली दिसली तर 'अलाइनमेंट' करावी. पावसाळ्यात सादळलेल्या कागदावर शाई पसरते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत.

खरा गुन्हेगार

आमच्या यंत्राला दोन धुणी आणि एका रात्रीची विश्रांती लागली. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून नॉझल चेक काढला, तो राणी रंगाची जाळी अखंड! चकलीचे पान पुन्हा छापले. 'पाव वाटीच. तेलात फुटतात.' आईचे लाल अक्षर जसेच्या तसे.

पण ते बुजले का, हा प्रश्न राहिलाच. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, रात्री प्रिंटर बंद कोण करतं?"

आम्हीच करतो. वडिलांनी लावलेली सवय : झोपण्यापूर्वी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणे बंद करायची. प्रिंटरचेही, मग त्याचे काम पुरते आटोपलेले असो वा नसो. येथेच चूक होती. यंत्र स्वतःच्या बटणाने बंद केले की हेड आपल्या कोपऱ्यात जाते आणि त्याच्यावर रबराची टोपी बसते. मग शाई वाळत नाही. मधेच भिंतीवरून वीज तोडली तर हेड जेथल्या तेथे उघडे राहते. शिवाय काही यंत्रे वीज परत आली की आधी शाई खर्चून स्वतःला धुऊन घेतात. म्हणजे चार पैशांची वीज वाचवायला आम्ही शाई वाळवीत होतो आणि वर कार्ट्रिजेही विकत घेत होतो!

तेव्हा इतके तीन नियम घरात पाळावेत. यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावे, दिवा पूर्ण विझला की मग भिंतीचे बटण. आठवड्यातून एकदा एक लहानसे का होईना, रंगीत पान छापावे. आणि यंत्र खिडकीच्या उन्हात किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नये.

प्रती भाऊबीजेच्या आदल्या रात्री बांधून झाल्या. सौभाग्यवतींनी एका पानावर ओले बोट लावून पाहिले, तो रंग पसरला. घरच्या यंत्रांतली रंगीत शाई बहुधा अशीच पाण्यात विरघळणारी असते. म्हणून प्रत्येक पान पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. स्वयंपाकघरात जायची वही, ओले हात लागणारच.

भाऊबीजेला अक्काने वही उघडली ती नेमकी चकलीच्या पानावर. बराच वेळ ती बोटाने लाल अक्षरावरून फिरत होती. मग धाकटीकडे पाहून म्हणाली, "ही दुरुस्ती तुझ्या डोहाळजेवणाच्या वेळची गं. सगळ्या चकल्या फुटल्या होत्या, आठवतं?" मधली हसली. मूळ वही आता कोणाकडे असावी, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. ती आमच्याकडेच आहे, प्रिंटरशेजारच्या कपाटात.

यंदा चकलीचे पहिले ताट चांगले उतरल्याचा फोन कोणाचा आधी येतो, एवढेच पाहायचे.