चाक आमचे, पडदा त्यांचा

गेल्या हिवाळ्यात आम्ही एका मोठ्या शहरी भरलेल्या अनुबोधपटांच्या उत्सवास गेलो होतो. अनुबोधपट म्हणजे नाचगाण्याचा सिनेमा नव्हे. खऱ्या माणसांचे काम आणि दुःख जसेच्या तसे टिपलेले चित्र. आमचे घर पिढीजात सुताराचे. बापाने बैलगाडीचे बहुधा शेवटचे चाक केले, ते आम्ही मोबाइलवर टिपले, बावीस मिनिटांचे चित्र जुळविले आणि एस्टीत बसलो. हेतू दोन. चार चांगली चित्रे पाहून शिकावे, आणि आपले कोणास दाखवावे. पहिला हेतू पुरा झाला, हे आधीच सांगतो, नाहीतर आम्ही कृतघ्न ठरू. दुसऱ्याची हकीकत ऐका.

पहिल्याच दिवशी ऊसतोड मजुरांवरचे चित्र लागले. पडद्यावर बीडकडची एक बाई कोयता घासता घासता मुकादमाबद्दल काही बोलली, तसे आम्ही मोठ्याने हसलो. सारे दालन गप्प! तिच्या बोलण्यातली खोच खालच्या इंग्रजी ओळीत उतरलीच नव्हती. पुढे चर्चा झाली, तीही इंग्रजीत. त्या बाईला तेथे आणून बसविले असते, तर आपल्याविषयी काय बोलणे चालले आहे हे तिलाच उमगले नसते.

तिसऱ्या दिवशी नवख्यांनी आपले काम पैसेवाल्या मंडळींपुढे मांडावयाचे होते. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाक सांगितले. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, चाकावर चढवितात, वरून पाणी ओततात, आणि ती आकसून तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत साऱ्या लाकडांना कशी आवळून धरते, ते सारे सांगितले. एका गृहस्थाने मोठ्या सौजन्याने विचारले, यात संघर्ष कोठे आहे? तुमचे वडील कर्जात आहेत काय? आम्ही म्हटले, आहेत थोडे. तसे त्याचे डोळे चमकले. मग ते का नाही दाखविले?

आम्ही काय सांगणार? आमचा बाप जिवंत आहे, दोन वेळ जेवतो, हसतो, आणि त्याच्या हातात विद्या आहे. या मालाला त्या बाजारात गिऱ्हाईक नाही. तो आढ्याला लटकला असता, तर मात्र होते! कुणब्याचे मरण विकते, कुणब्याचे कसब विकत नाही.

कोणी म्हणेल, हा धंदाच शिकल्यासवरल्यांचा, तुम्ही त्यात पडूच नये. हे साफ खोटे. हिंदी माणसाने इकडे टिपलेले पहिले चलच्चित्र १८९९ सालचे, सावे दादा भाटवडेकरांचे. त्यात काय होते? मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली दोन पैलवानांची कुस्ती! दोन वर्षांनी तोच कॅमेरा रँग्लर परांजप्यांच्या स्वागताकडे वळला; त्याबद्दल आमची तक्रार नाही, क्रम तेवढा ध्यानात ठेवा. कोल्हापुरात तर कॅमेराच मेस्त्र्यांच्या हातून निघाला. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री, सुतारकामाच्या घरातले. भाऊ आनंदराव १९१६ साली वारले, तरी त्यांनी नाद सोडला नाही; दामल्यांसारखे सोबती घेऊन कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. पुढे १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी गिरणीची वाट धरतो, ही त्याची गोष्ट. आणि त्यात तरुण शेतकऱ्याचे काम केले ते व्ही. शांताराम यांनी. ज्या हातांनी यंत्र घडविले, त्यांच्याच नातवंडांनी आता दाराशी उभे राहून इंग्रजीत अर्ज करावा काय?

मुंबईत १९९० पासून सरकार असा उत्सव भरवीत आले आहे. २००४ च्या उत्सवाला देशी चित्रांना सेन्सॉरचा दाखला सक्तीचा करण्याचे घाटले, विलायती चित्रांना मात्र सूट! चित्रकर्ते एकजुटीने उठले, तेव्हा अट मागे घेतली गेली. पण टोचणारी कित्येक चित्रे निवडीतच गळाली असे त्यांना दिसून आले. ते रडत बसले नाहीत. त्यांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावाने आपला निराळा उत्सव मांडला. आनंद पटवर्धनांनी रमाबाई नगरातल्या १९९७ च्या गोळीबारापासून चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला, तो वस्त्यावस्त्यांतून दाखविला गेला, आणि लोकांनी तो बसून पाहिला. चांगला तीन तासांचा आहे! तेव्हा ‘गावंढळांना असले काही रुचत नाही’ ही सबब आम्हांस कोणी सांगू नये.

आमचे मागणे मोठे नाही. रयतेच्या पैशाने जे उत्सव होतात, त्यांत रयतेच्या भाषेत बोलायला एक दुभाषा बसवा, आणि निवडलेली चित्रे तालुक्याच्या गावी आणा. ऊसतोडीचे चित्र फडावर दाखवा. तेथली माणसे कर्त्याला जे विचारतील, ते कोणी परीक्षक विचारणार नाही.

दोष आपलाही आहे. वरातीच्या डीजेला आम्ही हजारो रुपये मोजतो. गावात एक रात्र पडदा लावा म्हटले, की पंचायतीत सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

म्हणून आमचे चाक येत्या चैत्री जत्रेत देवळामागच्या पटांगणात लावणार आहोत. शेजारगावच्या लोहारदादांना निरोप धाडला आहे, कारण धाव त्यांनीच चढविली होती. तिकीट नाही. बसायला घोंगडी ज्याची त्याने आणावी.