वेशीवरची लक्तरे

परराष्ट्रनीतीचा विषय निघाला, की आमच्या शिक्षकखोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘सर, घरात काय भांडायचे ते भांडा, पण बाहेरच्यांसमोर सगळे एक दिसले पाहिजेत. लक्तरे वेशीवर कशाला टांगायची?’ बोलणारा सज्जन असतो, देशावर त्याचे प्रेमही असते. लक्तरे आहेत हे आपण बोलता बोलता कबूल केले, एवढे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो. वकिलातींतले डावपेच मला कळतात असा माझा दावा नाही. मला हिशेब कळतो. सहलीचे पैसे कोठे गेले असे एखाद्या पालकाने विचारले, तर चांगला मुख्याध्यापक ‘शाळेची बदनामी करता काय?’ असे म्हणत नाही. वही पुढे करतो. (म्हणणारेही असतात. त्यांची वही अवश्य पाहावी.)

हिशेब विचारल्याने काय होते, याची एक गोष्ट सांगतो. ती आपली नव्हे, इंग्रजांची आहे. मार्च १९८८ मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी मलेशियाशी शस्त्रविक्रीचा मसुदा केला आणि त्याला मदतीच्या पैशाची गाठ मारली. असे करता येत नाही हे ध्यानात आल्यावर जूनमध्ये एकाच दिवशी दोन पत्रे गेली. एकात म्हटले होते, मदत आणि शस्त्रे यांचा संबंध जोडता येणार नाही. दुसऱ्यात वीस कोटी पौंडांपर्यंत मदत देऊ केली होती! पुढे हा पैसा पेर्गाऊ नदीवरच्या विजेच्या धरणाकडे वळला. मदतखात्याच्या अर्थशास्त्र्यांनी आकडे मांडून दाखवले, की हे धरण परवडणारे नाही, गॅसवर वीज स्वस्त पडेल. त्या खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी १९९१ साली मंत्र्यांना लिहून कळवले, की या खर्चाची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. तुम्हाला करायचाच असेल तर लेखी हुकूम द्या. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो दिला. रक्कम होती तेवीस कोटी चाळीस लाख पौंड.

आपल्याकडे प्रकरण येथे फायलीत मिटले असते. तेथे ते मिटले नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये हिशेबतपासनिसांचा अहवाल आला. १९९४ च्या आरंभी पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने सचिवांना बोलावले, आणि त्यांनी उघड्या बैठकीत सांगितले की हा मदतीच्या पैशाचा गैरवापर होता. परराष्ट्र समितीने वेगळी चौकशी मांडली. तिच्यापुढे खुद्द हर्डसाहेबांना बसावे लागले. लक्तरे वेशीवर टांगली गेली! मलेशियाचे पंतप्रधान महाथिर यांनी रागावून ब्रिटिश कंपन्यांना सरकारी कंत्राटे बंद केली. ‘बघा, देशाचे नुकसान झाले,’ असे आमचे सज्जन म्हणतील. ती बंदी त्याच वर्षी सप्टेंबरात उठली. नोव्हेंबरात न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली, आणि २००२ साली कायदाच झाला, की मदत गरिबी हटवण्यासाठी द्यायची. धरण बांधून झालेच, हे खरे. ब्रिटनचे पार्लमेंट म्हणजे काही देवाचे देऊळ नव्हे. १३ जुलै २०२१ रोजी तेथेच ३३३ विरुद्ध २९८ मतांनी मदतीची कपात कायम झाली. पण तेथे निदान मते तरी मोजली गेली.

आता आपल्याकडे या. आपण आता घेणारे राहिलो नाही, देणारे झालो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात परराष्ट्र खात्याला २०,५१६ कोटी रुपये होते. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानसाठी. भूतानला मदत जरूर करावी, चांगला शेजारी आहे. पण आमच्याही पैशाने तेथे एक धरण चालले आहे. पुनात्सांगछू-१ चा करार २००७ सालचा. मूळ खर्च साडेतीन हजार कोटी, तो नऊ हजार कोटींच्या वर गेला. जुलै २०१३ मध्ये उजव्या काठचा डोंगर सरकला. तेथे सडक्या दगडावर धरण बांधायला कोणी सांगितले, हे उघड्या बैठकीत कोणाला विचारायचे? परराष्ट्र व्यवहाराची स्थायी समिती आहे, तिच्यात एकतीस सभासद आहेत. तिच्या बैठका बंद दाराआड होतात आणि शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. १४ मार्च २०१८ रोजी तर लोकसभेने सगळ्याच खात्यांच्या मागण्या एका शब्दाच्याही चर्चेवाचून मंजूर केल्या. आमच्या शाळेच्या खडूखर्चावर याहून अधिक चर्चा होते.

कोणी म्हणेल, परराष्ट्राच्या कामात गुप्तता लागते. वाटाघाटी चालू असताना लागते, मान्य. पण गुप्तता कोणापासून? अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढला. त्याबद्दल आपल्या सरकारने १८ ऑक्टोबर १९५८ रोजी चीनला निषेधाचे पत्र धाडले, आणि संसदेला ही गोष्ट कळली ऑगस्ट १९५९ मध्ये. रस्ता चीनला ठाऊक होता, त्यानेच तो बांधला होता! ठाऊक नव्हता तो फक्त आपल्या सभागृहाला. कृपलानी, वाजपेयी, आपल्या राजापूरचे नाथ पै असे प्रश्न विचारणारे लोक तेथे बसलेले असताना त्यांना दहा महिने अंधारात ठेवले. ते दहा महिने वाद झाला असता तर १९६२ टळले असते, असे मी म्हणत नाही. पण त्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी लिहिलेला १९६३ चा अहवालही सरकारने संसदेपुढे ठेवला नाही. २०१४ साली त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने जगजाहीर केला. म्हणजे जगाने वाचला. सभागृहाच्या मेजावर मात्र नाही.

गेल्या वर्षी आमचे खासदार शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले होते. चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, की साहेब, परराष्ट्र खात्याला तुम्ही कधी प्रश्न टाकला आहे काय? ते हसले. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘त्यात आपल्या मतदारसंघाचे काय आहे?’

माझ्या वर्गात बसलेली तीन मुले सैन्यात आहेत. त्यांतला एक लडाखला आहे.