शर्यत तहकूब करण्याची तजवीज

नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काशीत जो घाट बांधविला, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका अंगास दरभंग्याचा वाडा, दुसऱ्या अंगास अहिल्याबाईंचा घाट, पुढे हाकेच्या अंतरावर दशाश्वमेध, अशा या मराठी यात्रेकरूला मुळीच परक्या न वाटणाऱ्या जागी पौषातल्या पहाटे उभे राहिले, की पलीकडचा रेतीचा काठ तर राहोच, पायरीशी बांधलेल्या नावांपैकी तिसरी-चौथी नावही धुक्यात दिसेनाशी होते. दहिवराने चुनारी दगड निसरडा झालेला असतो, शेकोट्यांचा धूर वर न चढता पाण्यालगत रेंगाळत असतो, आणि ज्याचे पोट त्या दिवसाच्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे तो नावाडी दोर न सोडता कांबळे पांघरून स्वस्थ बसलेला असतो. ज्याचे पोट शर्यतीवर मुळीच अवलंबून नाही असा पाहुणा मात्र अशाच हवेत बेचाळीस किलोमीटर धावण्यास सिद्ध होतो. या विसंगतीकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे माझे मत आहे.

यात्रा आणि शर्यत एकाच रजेत उरकण्याची प्रथा आता पुण्या-मुंबईकडील मध्यमवर्गात रुळली आहे, आणि तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. परंतु घराजवळच्या शर्यतीत पाऊस कोसळू लागला तर जो गृहस्थ निमूटपणे परत फिरेल, तोच परमुलखात रेल्वेचे भाडे, हॉटेलचा आगाऊ भरणा, मंजूर झालेली रजा आणि निरोप देताना शेजाऱ्यांनी केलेले कौतुक यांचा हिशेब मनात मांडून, केवळ तो खर्च वाया जाऊ नये या सबबीवर, अंगात कणकण असतानाही रांगेत उभा राहतो. तेथील वारा कोणत्या प्रहरी फिरतो, थंडी किती वेळ टिकते, याची माहिती स्थानिक धावकाइतकी त्याला नसते. म्हणजे ज्याने अधिक सावध असावयास हवे तोच अधिक हट्टी होतो.

परमुलखातील वाईट हवेत धावण्याचा आपला इतिहास जुना आहे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरील धावकांचे गुण हेरून सर दोराबजी टाटांनी 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी जी छोटी तुकडी रवाना केली, तीत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठी होते. 22 ऑगस्टची ती शर्यत गार, पावसाळी हवेत झाली. अंतर नेहमीपेक्षा अधिक, 42.75 किलोमीटर होते. फिनलंडच्या हान्नेस कोलेह्माइनेन यांनी ती जिंकली. चौगुले सुमारे दोन तास एकावन्न मिनिटांत एकोणिसावे आले, आणि दातारांची शर्यत पुरी झाली नाही. बेळगावकरांना चौगुल्यांचा अभिमान वाटतो, तो यथार्थच आहे. पण सातासमुद्रांपलीकडे जाऊन शर्यत अर्धवट राहिलेल्या दातारांचे नाव आपण इतक्या सहज विसरावे, यात आपल्या क्रीडाप्रेमाचा एक दोष मला दिसतो. थांबलेल्या माणसाची आपल्या दप्तरी नोंदच होत नाही!

थांबणे कधी अपरिहार्य होते, याची कारणे शरीरधर्मात आहेत. धावत्या देहाची ऊब स्नायूंच्या श्रमातून येते. उत्तरार्धात शक्ती सरून चाल मंदावली, की ती ऊब घटते, आणि नेमक्या त्याच वेळी भिजलेले वस्त्र व वारा मिळून अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतात. चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारपीट, गोठविणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांनी 172 पैकी 21 धावकांचा बळी घेतला. त्यांत नामांकित, कसलेले धावकही होते. काशीच्या हिवाळ्यातील संकट निराळे: थंड हवेचा थर धूर आणि धूळ जमिनीलगत दाबून ठेवतो, आणि धावणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा छातीत ओढतो. कणखरपणाने फुप्फुसे गाळणीचे काम करू लागत नाहीत.

म्हणून हा प्रश्न केवळ धावकाच्या विवेकावर सोपवून चालणार नाही. 2012 साली सँडी वादळानंतर न्यूयॉर्कची शर्यत अवघे दोन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा देशोदेशींचे धावक शहरात येऊन दाखल झाले होते आणि त्यांचा संताप स्वाभाविक होता. पण पुढे संयोजकांनी शुल्कपरतावा अथवा पुढील वर्षांतील निश्चित प्रवेश यांपैकी एक पर्याय निवडण्याची मुभा दिली. आपल्याकडे अनेक प्रवेशअर्जांत शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, हे कलम मात्र ठळक असते. पावसाळ्यात गंगा चढली की नावा बंद ठेवण्याचा हुकूम निघतो आणि नावाडी कितीही कुरकुरले तरी तो पाळला जातो. शर्यतीलाच तेवढी सवलत का असावी? धुके, विषारी हवा, उष्मा आणि वादळ यांच्या कोणत्या मर्यादेपलीकडे शर्यत तहकूब होईल, तो निर्णय कोण व किती वाजता जाहीर करील, आणि बाहेरगावच्या धावकाचे शुल्क पुढील वर्षी कसे वळते केले जाईल, हे प्रत्येक संयोजकाने अर्जातच छापावे, आणि ते छापल्याखेरीज जिल्हा प्रशासनाने रस्ता देऊ नये. वाचकांपैकी जे या हिवाळ्यात परगावी धावावयास निघाले असतील, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हे कलम शोधावे. न सापडल्यास संयोजकांना लेखी विचारावे.