कादंबरी वाचावयाची की सोडवावयाची?

महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात कादंबरी या वाङ्मयप्रकाराला स्वतंत्र स्थान मिळाले, ही घटना स्वागतार्हच होती. २०२० साली आलेल्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त एक संपूर्ण विभाग कादंबरीसाठी राखून ठेवण्यात आला. कादंबरीच्या इतिहासाचा परिचय करून देणारा एक पाठ आणि त्यापाठोपाठ ई. आर. ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्न यांची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ व आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द साइन ऑफ फोर’ या तीन कादंबऱ्यांतील उतारे, अशी त्याची रचना. ८० गुणांच्या लेखी परीक्षेपैकी १६ गुण या विभागाच्या वाट्यास आले. हेतू चांगला होता. परंतु व्यवहारात जे घडले ते असे की, कादंबरी शिकविली जाऊ लागली, तिच्यावर प्रश्न विचारले जाऊ लागले, तिची उत्तरे पाठ होऊ लागली. आणि एवढे सर्व होत असताना कादंबरी वाचण्याची गरज मात्र कोणालाच उरली नाही.

उतारा हा कादंबरीचा नमुना असतो, कादंबरी नव्हे. धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून प्रत पारखता येते. कादंबरीच्या बाबतीत हा न्याय लागू पडत नाही. फिलिअस फॉग वीस हजार पौंडांची पैज लावून निघतो. मुंबईत उतरल्यावर त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरील मंदिरात बुटांसह शिरतो आणि संकट ओढवून घेतो. पुढे लोहमार्ग मध्येच संपलेला आढळल्यावर फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. शेवटी तो पैज जिंकतो खरा, पण तोवर प्रवासात सुमारे एकोणीस हजार पौंड खर्ची पडलेले असतात, आणि उरलेले हजार तो आपला नोकर व आपल्या पाठलागावर असलेला गुप्तहेर या दोघांत वाटून टाकतो. पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे हाती लागलेल्या एका दिवसाचा चमत्कारही ज्याने फॉगबरोबर एकेक दिवस मोजला आहे त्यालाच खऱ्या अर्थाने चकित करतो. सारांश वाचणाऱ्याला ती केवळ भूगोलातील एक माहिती वाटते.

उरलेल्या दोन कादंबऱ्यांचेही तसेच आहे. ‘द साइन ऑफ फोर’मधील रहस्याची मुळे १८५७ सालच्या आग्र्याच्या किल्ल्यात आणि अंदमानच्या बंदिवासात आहेत. वसाहतीतील माणसांकडे साम्राज्याची राजधानी कोणत्या नजरेने पाहत होती, हे अंदमानच्या टोंगाचे चित्रण समग्र वाचल्याशिवाय भारतीय विद्यार्थ्याच्या ध्यानी येणार नाही आणि त्याचा निषेध करण्याचा अधिकारही त्याला प्राप्त होणार नाही. ब्रेथवेट हे तेव्हाच्या ब्रिटिश गयानातील सुशिक्षित तरुण. महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलात सेवा केली. परंतु त्वचेच्या रंगामुळे शांततेच्या काळात नोकरीची दारे बंद झाली, तेव्हा ते लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळेत शिक्षक झाले. या अनुभवांवर आधारलेल्या, १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत शिक्षक आणि मुले यांचे नाते हळूहळू बदलत जाते. हा संथपणा हेच तिचे सामर्थ्य असल्याने ते चार-सहा पानांत सामावणे शक्य नाही.

मग विद्यार्थी मूळ पुस्तक का वाचीत नाहीत? या प्रश्नाला ‘आजच्या पिढीला वाचनाची गोडी नाही’ असे ठरीव उत्तर देण्यात येते. ते सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. दोन वस्तूंपासून मिळणारे फळ सारखेच असेल, तर ग्राहक स्वस्त वस्तू निवडणार, हा बाजाराचा साधा नियम आहे. संपूर्ण कादंबरीला तीन आठवडे लागतात, गाइडमधील सारांशाला वीस मिनिटे. आणि परीक्षेत दोहोंचे मोल एकच. अशा स्थितीत सारांशाची निवड करणारा विद्यार्थी आळशी नसून हिशेबी आहे. दोष त्याच्या हिशेबात नाही, गुणांच्या भावफलकात आहे.

हा भावफलक बदलण्याची संधी अकरावी आणि बारावी यांच्या मधल्या उन्हाळी सुटीत आहे. व्हर्न यांच्या कादंबरीत ३७ प्रकरणे आहेत. दररोज एक प्रकरण वाचले तरी मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा पुरेसा होतो. डॉइल यांची कादंबरी तर अवघ्या १२ प्रकरणांची. तथापि ज्या काळात विद्यार्थ्याला सवड असते, नेमक्या त्याच काळात कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांची ग्रंथालये कुलूपबंद असतात. वर्षभराचे शुल्क घेऊन जमविलेले भांडवल सहा आठवडे कपाटात पडून राहते. एखाद्या महाविद्यालयाने प्रत्येक कादंबरीच्या २० याप्रमाणे ६० प्रती घेतल्या आणि सरासरी किंमत २०० रुपये धरली, तर खर्च १२ हजार रुपये होईल. प्रती पाच उन्हाळे टिकल्या, तर ३०० विद्यार्थ्यांच्या हाती सुटीभर एकेक पुस्तक पडेल. म्हणजे दर वाचकामागे ४० रुपये.

हा खर्चही कमी करता येईल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथाचा स्वामित्वहक्क संपतो. व्हर्न १९०५ मध्ये आणि डॉइल १९३० मध्ये निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्या मुक्त आहेत. ब्रेथवेट यांचे निधन २०१६ मधील असल्याने त्यांची कादंबरी त्यात बसणार नाही. परंतु उरलेल्या दोहोंच्या स्वस्त आवृत्त्या ‘बालभारती’ला सहज छापता येतील. १९६७ च्या कायद्याने राज्यात अ, ब, क आणि ड वर्गांच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. त्या ग्रंथालयांत या प्रती ठेवल्यास गावोगावच्या विद्यार्थ्यांची सोय होईल.

यावर काही आक्षेप घेतले जातील. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी कादंबरी झेपेल काय? कदाचित प्रथम झेपणार नाही. त्याने आधी मराठी अनुवाद वाचावा आणि मग मूळ पुस्तकाकडे वळावे. भा. रा. भागवतांनी व्हर्न यांना मराठी मुलांच्या घरात आणले, त्या परंपरेचा यासाठी उपयोग का करून घेऊ नये? प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांमुळे सुटी उरतच नाही, हा आक्षेप अधिक खरा आहे. आणि शेतात वा दुकानात राबणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर तो आणखी बोचरा आहे. म्हणूनच तीन कादंबऱ्यांची सक्ती नको. तिन्हींपैकी आवडेल ती एक, एवढेच पुरे.

सक्तीची लेखी प्रश्नपत्रिकाही नको. ती आली की तिचे गाइड पाठोपाठ येईलच. लेखी परीक्षेबाहेर जे २० गुण आहेत, त्यांतील काही गुण जूनमध्ये शिक्षकाने विद्यार्थ्याशी केलेल्या दहा मिनिटांच्या संवादासाठी ठेवावेत. फॉगने हत्ती घेतला तो सौदा शहाणपणाचा होता काय? मुंबई–कोलकाता लोहमार्ग वस्तुतः १८७० मध्येच जोडला गेला असताना १८७२ च्या कथेत व्हर्न यांनी तो अपुरा का ठेवला असावा? अशा प्रश्नांची तयार उत्तरे नसतात. वाचलेल्या विद्यार्थ्याजवळ मात्र स्वतःचे काहीतरी सांगण्यासारखे असते, मग त्याचे इंग्रजी अडखळत का असेना. शिक्षकांवर पडणारा हा अधिक भार मान्य करून त्यांच्या कार्यभारात तो मोजला गेला पाहिजे.

ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, तेथील मूल मंडळाने काहीही ठरविले तरी वाचीलच. प्रश्न आहे तो ज्याच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही त्याचा. इंग्रजीच्या बळावर पुढच्या संधी मिळवावयाच्या असे आपण त्याला सांगतो आणि हाती देतो तो केवळ सारांश. उद्या पाठ्यपुस्तके बदलतील, उतारेही नवे येतील. परंतु बारा वर्षे शाळेत घालविलेल्या विद्यार्थ्याने एकही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नसावी, ही स्थिती तशीच राहिली तर तो बदल नावापुरताच ठरेल. येत्या उन्हाळ्यात निदान ग्रंथालयांची कुलपे उघडी राहावीत, एवढी सुरुवात तरी आपल्या हाती आहे.