गॉसिपला बदनाम कोणी केले?

सिनेपुरवण्यांनी मराठीत रुळवलेला ‘गॉसिप’ हा शब्द मूळचा चर्चमधला. जुन्या इंग्रजीत तो ‘गॉडसिब’ होता. गॉड म्हणजे देव आणि सिब म्हणजे नातलग. ‘सिब्लिंग’मधला सिब तो हाच. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारी बाई किंवा बुवा म्हणजे गॉडसिब. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ज्यांना पाद्रीन-माद्रीन म्हणतात, तेच हे. हे नाते इतके सख्खे मानले जाई, की बाळाचे आईबाप आणि त्याचे धर्मपालक यांच्यात लग्न लावायला मध्ययुगीन चर्चची बंदी होती.

पुढे शब्द मैत्रीकडे सरकला. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधली बाथची बाई आपल्या जिवलग सखीला गॉसिपच म्हणते. सोळाव्या-सतराव्या शतकांत बाळंतपणाला जमणाऱ्या आप्त बायका आणि शेजारणी याच नावाने ओळखल्या जात. खोलीची दारे-खिडक्या बंद, पुरुषांना मज्जाव. सुईणीला मदत करायची, बाळंतिणीला धीर द्यायचा आणि मद्यात अंडी-मसाले घालून केलेले ऊन ऊन ‘कॉडल’ प्यायचे. अडलेली पोर अविवाहित असेल, तर बाळाच्या बापाचे नाव तिच्याकडून काढून घेण्याचे कामही याच खोलीत चाले. नाव कळले नाही, तर मुलाला पोसण्याचा भार पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीतल्या वस्तीवर पडे.

आपल्याला जिथे प्रवेश नाही तिथे या बायका काय बोलत असतील, ही पुरुषांची धास्तीच या शब्दाला भोवली असावी. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात पहिला अर्थ धर्मपालकाचा आहे, दुसरा पिण्यातल्या सोबत्याचा. तिसरा अर्थ मात्र बाळंतिणीपाशी जमलेल्या बायकांसारख्या चुगल्या करत हिंडणाऱ्याचा!

आणि पुरुष काय तोंड मिटून बसले होते? लंडनमधले पहिले कॉफीहाऊस १६५२च्या सुमाराचे. तिथे चालणाऱ्या कुटाळक्यांना दुसरा चार्ल्स राजा इतका वैतागला, की खोट्या अफवा पसरतात म्हणून त्याने डिसेंबर १६७५मध्ये सगळी कॉफीहाऊस बंद करण्याचा हुकूम काढला. ओरड झाल्यावर तो काही दिवसांतच मागेही घेतला. राजाला फर्मान काढावे लागले ते पुरुषांच्या गप्पांपायी. तरी शब्द चिकटला बायकांनाच.

फ्रेंचांनीही वेगळे काही केले नाही. ‘कॉमेर’ आणि ‘काँपेर’ हे तिथले धर्ममाता-धर्मपित्याचे जोडशब्द. आज काँपेर म्हणजे साथीदार, आणि कॉमेर म्हणजे गावभर चहाड्या करणारी बाई.