परदेशातून अर्ध्यावर परतलेल्या मुलीला पुन्हा पहिल्या वर्षात का बसवता?

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर गेल्या पावसाळ्यात शेळ्यांच्या लसीकरणाचे शिबिर होते. पशुधन पर्यवेक्षक टोचत होते आणि एक बावीस वर्षांची मुलगी शेळ्या धरत होती. मी नोंदवही घेऊन बाजूला उभी होते. एका शेळीला धरल्यावर या मुलीने तिची खालची पापणी ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाली, "हिला आज लस नको. अंगात रक्त नाही हिच्या. आधी जंतांचं बघा." पर्यवेक्षक चांगला माणूस आहे. त्यांनी हसत विचारले, "डॉक्टर आहात का मॅडम?"

"अर्धी," ती म्हणाली.

हा लेख त्या 'अर्धी'वर आहे.

मुलगी जव्हार तालुक्यातली, आपल्याच समाजातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बारावीनंतर नीट दिली. पशुवैद्यकाला जायचे हे तिचे आधीपासून ठरलेले होते, पण अनुसूचित जातीच्या यादीतही काही गुणांनी नंबर हुकला. मग एक एजंट भेटला. आग्नेय आशियातल्या एका देशात पशुवैद्यकाचा प्रवेश, फी हप्त्याहप्त्याने. वडिलांनी शिक्षक पतपेढीचे कर्ज काढले, आईचे दागिने गेले आणि मुलगी विमानात बसली. दोन वर्षे पूर्ण झाली, सगळे विषय सुटले. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. अर्धपगारी रजा, दवाखाना, कर्जाचे हप्ते. पुढची फी भरणे शक्यच नव्हते. ती परत आली. आपले मार्कशीट आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ती कार्यालये फिरली. एका ठिकाणी तिला सांगण्यात आले की अशी तरतूदच नाही, शिकायचे असेल तर पुन्हा नीट द्या आणि पहिल्या वर्षापासून सुरू करा. त्या संध्याकाळी जव्हार एसटी स्टँडवरून तिचा फोन आला. "ताई, मी परत पहिलीत बसू का?"

मला काही उत्तर देता आले नाही. नंतर कायदा वाचला, चार जाणकारांना विचारले. आता मला वाटते तो प्रश्न तिने मला विचारायला नको होता. तो व्यवस्थेला विचारायला हवा.

आधी कायद्याचे. आपल्याकडे पशुवैद्यकाची पदवी आणि नोंदणी चालते ती भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार. या कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत मान्यताप्राप्त भारतीय पदव्या आहेत आणि दुसरीत परदेशी. म्हणजे परदेशी शिक्षण मोजायचेच नाही असे कायदा म्हणत नाही. पण तो मोजतो ती पूर्ण पदवी. बाहेर पूर्ण शिकून आलेल्याची पदवी अनुसूचीत बसते की नाही हे तपासता येते. अर्धे शिकून आलेल्यासाठी तिथे रकानाच नाही. आपला अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिची दोन वर्षे या हिशेबात शून्य.

२०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेचे नवे नियम काढले. वाचून बरे वाटले. पुढे वाचले तर ज्या अभ्यासक्रमांना स्वतंत्र परिषदा आहेत ते यातून बाहेर. तिकडे नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांनी शाखा काढाव्यात म्हणून लाल गालिचा अंथरला जातो आहे. परदेशी विद्यापीठ इथे येऊन फी घेऊ शकते. पण परदेशी विद्यापीठात कर्ज काढून शिकलेली जव्हारची पोरगी आपली दोन वर्षे घेऊन इथे येऊ शकत नाही. सीमा कोणासाठी उघडी आहे ते यावरून कळते.

आता मुख्य मुद्दा. मित्रांनो, २०२२ आठवा. युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी 'ऑपरेशन गंगा'तून परत आले. त्यांनी मागणी केली की आम्हाला इथल्या महाविद्यालयांत सामावून घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले की अशा बदलीची कायद्यात तरतूद नाही. इथपर्यंत समजू शकते. पण सरकार तिथे थांबले नाही. हे विद्यार्थी बाहेर का गेले याची दोन कारणे त्यात सांगितली होती. एक, नीटमधली कमी गुणवत्ता. दुसरे, बाहेरचे शिक्षण परवडते.

ही दोन कारणे शेजारी शेजारी ठेवून वाचा. सरकारी जागा मूठभर, खासगी महाविद्यालयाची फी गगनाला भिडलेली. खासगी महाविद्यालयात त्याच किंवा त्याहून कमी गुणांवर पैसे भरून बसलेला मुलगा गुणवत्तावान, आणि ते पैसे नाहीत म्हणून परदेशी गेलेला मात्र गुणवत्ताहीन! म्हणजे गुणवत्ता नावाची गोष्ट बापाच्या खिशात असते. हे वाक्य आपल्याला नवीन नाही. आरक्षणातून आलेल्या प्रत्येक मुलाने ते होस्टेलमध्ये, वर्गात, व्हायवाच्या टेबलावर ऐकलेले आहे. फरक एवढाच की या वेळी ते सरकारी प्रतिज्ञापत्रात होते, आणि ज्यांच्याविषयी होते त्यांतले पुष्कळ जण सवर्ण घरांतले होते. त्यांना पहिल्यांदा कळले असेल हा शब्द कसा लागतो ते.

अखेर २८ मार्च २०२३ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठापुढे तोडगा आला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना इथल्या कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश न घेता एमबीबीएसच्या दोन्ही भागांच्या परीक्षा देण्याची एकदाची संधी आणि पुढे दोन वर्षांची इंटर्नशिप. जे मधल्या वर्षांत होते त्यांना मात्र दुसऱ्या परदेशी विद्यापीठात जा असाच मार्ग उरला. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. 'तरतूद नाही' म्हणणाऱ्या सरकारला दबाव आला की तरतूद सापडते. तो दबाव एमबीबीएसच्या पालकांचा होता. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी जंतरमंतरवर कोण बसणार?

इथे मला बाबासाहेबांचे १९१७ साल सांगायचे आहे. आपण ते दरवर्षी भाषणात सांगतो, पण या बाजूने क्वचित सांगतो. कोलंबियाहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातले. वर्षभरात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. म्हणजे पैसा संपला, युद्ध आडवे आले, शिक्षण मध्येच तुटले. आजच्या विद्यार्थ्यांच्या अडचणींपेक्षा यात वेगळे काय आहे?

वेगळे एवढेच की लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन पुढचा अभ्यास करण्याची मुभा दिली. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज, असे जमवून ते १९२० मध्ये परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ मध्ये हाती आली, न्यूयॉर्क सोडून अकरा वर्षे झाल्यावर. कोणी म्हटले नाही की मधे खंड पडला, आता पहिल्या वर्गापासून या. बाबासाहेबांची जिद्द आपण सांगतो ते बरोबरच आहे. पण त्या जिद्दीला परतायला एक उघडे दार होते, हेही सांगितले पाहिजे. जिद्द आपल्या पोरांकडे आजही आहे. दार नाही.

एक आक्षेप मला माझ्याच कार्यकर्त्या मित्रांनी घेतला आणि तो खरा आहे. ते म्हणाले, हे दार उघडले तर श्रीमंतांची रांग लागेल. एक वर्ष परदेशात पैसे भरायचे, दुसऱ्या वर्षी मागच्या दाराने सरकारी महाविद्यालयात यायचे. नीटही नको, आरक्षणाचा रोस्टरही नको. आपल्या हक्काच्या जागांवर हा नवा दरोडा पडेल.

हा धोका मी नाकारत नाही. म्हणूनच माझी मागणी 'सामावून घ्या' अशी ढोबळ नाही. अभियांत्रिकीत पदविका झालेल्या मुलांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले त्या वाटेने इंजिनिअर झाली. तिथे गुणवत्ता यादी लागते, प्रवेशाच्या फेऱ्या होतात, आरक्षण लागू असते. मग पशुवैद्यकात गळती होऊन दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या पडतात, त्यांच्यासाठी हेच का नको? लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. ती स्वतःच सांगते, "तिकडे डुकरांवर खूप शिकवलं, म्हशीवर कमी." मग म्हशीवर परीक्षा घ्या, कमी पडले तर तेवढे विषय पुन्हा करायला लावा. पण त्या जागा रोस्टरने भरा. जागा अनुसूचित जातीची असेल तर ती त्याच यादीतून भरा, जमातीची असेल तर जमातीच्या. पैशाने आलेला आणि कर्जाने गेलेला यांच्यात फरक करायचे हत्यार आपल्याकडे आहेच, ते बाबासाहेबांनी दिलेले आहे. ते वापरायचे सोडून दारच बंद ठेवणे म्हणजे श्रीमंताला काहीच फरक न पडणे. त्याला तिसरा देश सापडतो.

याच दारातून पदविकावाल्यांनाही आत येऊ द्या, हे मी मुद्दाम जोडते. आमच्या भागात जनावर आजारी पडले की बहुतेक वेळा येतो तो पशुधन पर्यवेक्षक. कायद्याने त्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या असतात. ही देखरेख कागदावर असते आणि माणूस एकटा मोटारसायकलवर चिखलातून फिरत असतो. त्याला आयुष्यभर पर्यवेक्षकच ठेवायचे, हेही एक वर्णाश्रमच झाले.

महाराष्ट्रात पशुवैद्यकाची पदवी देणारी महाविद्यालये वर्षानुवर्षे बोटांवर मोजण्याइतकी राहिली. परळचे १८८६ मधले, मग नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. माफसूची स्थापना २००० सालची. तिथे कोण पोचते आणि शिकून कुठे जाते, हे आम्ही इथे बसून बघतो. जव्हार-मोखाड्याची ओळख बाहेरच्यांना १९९२ च्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे आहे. कुपोषणावर दिल्लीपर्यंत चर्चा झाली. पण वारली, कातकरी, ठाकर, कोकणा घरात शेळी म्हणजे काय हे त्या चर्चेत येत नाही. पोराला दवाखान्यात न्यायचे तर शेळी विकतात. वीटभट्टीवरून परतल्यावर हातात काही उरले नसेल तर शेळी विकतात. आवणीच्या तोंडावर बैल बसला तर भाताचे वर्ष गेले. मानमोडी आली की एका आठवड्यात घरातल्या सगळ्या कोंबड्या संपतात. जनावराचा डॉक्टर इथे माणसाच्या डॉक्टरइतकाच गरजेचा आहे.

आणि आपल्या समाजाचे या धंद्याशी असलेले नाते? मेलेले जनावर ओढायचे काम आपले होते. गावकीत ते लादले होते, वतनाच्या नावाखाली. जिवंत गाय पाटलाची, मेलेली महाराची. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ही कामे सोडा असे सांगितले आणि आपल्या आज्यापणज्यांनी बहिष्कार सोसून ती सोडली. तरी ११ जुलै २०१६ ला गुजरातमधल्या उनाजवळ मोटा समढियाळ्याच्या पोरांना मेलेल्या गाईचे कातडे काढतात म्हणून भर रस्त्यात मारलेच. आता याच समाजातली एक मुलगी जिवंत जनावराच्या नाडीला हात लावू बघते. शेळीची पापणी ओढून 'हिला रक्त कमी आहे' म्हणते. तिला आपण सांगतो, तुझी दोन वर्षे आम्ही धरत नाही.

आणखी एक कटू गोष्ट. परदेशी शिक्षणासाठी आपल्या हाती असलेल्या योजना, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती काय, या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतर बाहेर जाणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. त्यामुळे एजंटाच्या नादी लागण्याआधी आपल्या मुलांना हे सांगणारे कोणीतरी वस्तीत असले पाहिजे. पदवी मध्येच तुटली तर तिचे इथे काय होते, ती पूर्ण झाली तरी दुसऱ्या अनुसूचीत बसते का, हे फी भरण्याआधी विचारायचे असते. हे काम आपल्या संघटनांचे आहे आणि आपण ते केले नाही. जयंतीच्या डीजेचा खर्च मी इथे काढत नाही. काढायला लावू नका.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणांनी बसून एक निवेदन तयार केले आहे. पशुवैद्यक परिषदेला एक प्रत, विद्यापीठाला एक, पशुसंवर्धन विभागाला एक. रिकाम्या जागांचा वर्षनिहाय आणि प्रवर्गनिहाय तपशील मागणारा माहिती अधिकाराचा अर्जही सोबत जातो आहे, कारण आकडा हातात आल्याशिवाय हा वाद पुढे सरकणार नाही. ज्यांच्या ओळखीत असे अर्ध्यावर परतलेले विद्यार्थी असतील, त्यांनी त्यांची मार्कशीटे जपून ठेवायला सांगावीत. फोल्डर फेकू नका म्हणावे.

ती सध्या सकाळी नीटचा अभ्यास करते. दुपारी वडिलांचा व्यायाम करून घेते. तिने मला परवा सांगितले की जीवशास्त्राचा पेपर सोपा जातो, भौतिकशास्त्र विसरायला झाले आहे. गेल्या आठवड्यात त्या पाड्यावरची ती शेळी व्यायली, दोन पिल्ले झाली. मालकिणीने निरोप पाठवला होता, 'डॉक्टरीणबाईला सांगा.'